पिंटूच्या साक्षगंधाचा बुधवार

इंदिरा नगर, लखनऊ
४ नोव्हेंबर २०२५

चि. यमुनास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

आधी दारात आला लाडवांचा स्टीलचा डबा, त्यामागे विकास नगरची पद्मिनी रामटेके, आणि सगळ्यात शेवटी तिचा नवरा. विहारात मला पाहून न पाहिल्यासारखे करणारी बाई काल माझ्या पाया पडली! माझ्या नातीला, स्नेहलला, मागणी घालायला आली होती गं. मी इतकी हरखले की पोह्यांत मीठ दोनदा टाकले. तिने ते निमूट खाल्ले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पण जीभ बघ तिची. म्हणाली की डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या पोरी आता सब्जीच्या ठेल्यागत गल्लोगल्ली झाल्यात. मी म्हटले की मग आमच्याच ठेल्यावर कशाला थांबलात.

खोटे नाही म्हणा. ज्याला जागा मिळाली त्याने ऑप्टोमेट्रीचे कॉलेज काढले. चार वर्षे शिकून आपली पोर चष्म्याच्या दुकानात फ्रेमा पुसते. पगार वाढवा म्हटले की मालक म्हणतो, बाहेर डिग्रीवाल्यांची लाईन लागलीय, दरवाजा उघडा आहे. मेला! आता गोमती नगरला डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात एक जागा निघाली आहे. एवढ्या पोरांतून शेवटच्या मुलाखतीला दोघेच उरलेत, त्यात आपली एक. कधी आहे ते मला कोण सांगतो!

पद्मिनीच्या मुलाला पिंटू म्हणतात. मेडिकल लाईनमध्ये आहे म्हणे. एकोणीसला बुधवारी सकाळी अकराला साक्षगंध उरकू, मुलीने तयार होऊन घरातच बसावे, आणि मुलगा येणार नाही, त्यांच्यात तशी रीत नाही, असे म्हणाली. मी हो म्हणून बसले.

फोन केला असता, पण मला हळू बोलता येत नाही आणि नीलमला, आमच्या सूनबाईला, सगळे ऐकू जाते. गुडघे सांभाळ, आणि आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
सुभद्रा

भंडारा
१० नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

लाडवाचा डबा दिसला की तुझे डोके चालायचे थांबते, हे लहानपणापासूनचे आहे.

ताई, आपण सगळे नोकरीवाले. आपल्यात बुधवारी साक्षगंध कुणाचे झाले सांग बरे? ना रविवार, ना पौर्णिमा, कामाच्या दिवशी भर अकराला! आणि मुलाशिवाय? अंगठी काय त्याच्या बापाच्या बोटात घालायची? स्नेहलचे त्या दिवशी काय आहे ते आधी विचार. मग त्या बाईला फोन कर, गोड बोल, आणि मुलाला घेऊन या एवढेच म्हण. बघ काय उत्तर येते.

इकडे धान कापून झाले. घरचा तांदूळ पाठवते. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर पोटात घाल, आणि धाकटीवर आहे तसाच जीव असू दे.

तुझी,
यमुना

इंदिरा नगर, लखनऊ
२१ नोव्हेंबर २०२५

चि. यमुनास,
सप्रेम जयभीम व पोटभर आशीर्वाद.

यमे, तुझ्या डोक्याला मी उगाच नावे ठेवत होते. पत्र आले तसे स्नेहलला विचारले. मुलाखत त्याच बुधवारी, त्याच अकराला! मग गप्प का बसलीस म्हटले, तर म्हणते की दादी, नौकरी का क्या भरोसा, रिश्ता तो मिल रहा है. आणि हिंदीतच रडायला लागली. नीलमनेही तिच्या बाजूने मान डोलावली. दोघींना मी असे फैलावर घेतले की शेजारच्या मिश्राइनने ऐकायला टीव्ही बंद केला.

मग पद्मिनीला फोन. म्हटले, बुधवारी अकराच काय, दहाला या, पण पिंटूला आणा. तर म्हणाली की त्याला नाही जमणार, अकराला त्याचे गोमती नगरला फार जरुरी काम आहे. मी हळूच विचारले, डोळ्यांच्या दवाखान्यातच ना? यमे, बाईच्या तोंडून निसटले, तुम्हाला कुणी सांगितले? दोघांतला दुसरा तिचाच पिंटू! दवाखान्याच्या यादीत आपल्या पोरीचे नाव तिने वाचले असणार. तिला सून नको होती गं. माझ्या पोरीला एक सकाळ घरात अडकवायचे होते, तेही माझ्याच हाताने. मग घाईघाईने म्हणाली, बुधवार राहू द्या, रविवारी येतो, नक्की. मी दोनदा वदवून घेतले.

बुधवारी स्नेहल गेली. बाकावर शेजारीच पिंटू. आज तुझे साक्षगंध होते असे तिने सांगितले, तर त्याला ठसका लागला. त्याला पत्ताच नव्हता! त्यालाही दुकानवाल्यांनी असेच हिंडवले आहे म्हणे. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या आईवर आहे, आणि तो मी मरेपर्यंत पुरवून वापरणार आहे.

काल दवाखान्यातून फोन आला. जागा आपल्या स्नेहलला! सोमवारी रुजू व्हायचे. फ्रेमा पुसायचे फडके मालकाच्या खुर्चीवर ठेवून आली पोर. मी अजून नाचायचीच बाकी आहे.

पद्मिनीला मी माझ्याकडून काही कळवलेले नाही. तिचा डबा घासून ठेवलाय. आपण कुणाचा डबा रिकामा परत करत नाही, म्हणून पोहे भरून देईन. मीठ दोनदा.

तांदूळ मिळाला. तुझ्या जिवाला जप, आणि अशीच मला बोल लावत राहा.

तुझी ताई,
सुभद्रा

ता. क. रविवारी, तेवीसला, सकाळी अकराला येतो म्हणालेत. डबा मिळेल, पोर नाही.