सकाळी जाऊन संध्याकाळी परत

२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी, मग चौकशी. मला ऑक्टोबरात रजा मिळाली आहे! दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासून तपासून माझ्या अंगालाच आंबूस वास येऊ लागलाय, असं मी मोठ्या साहेबांना सांगितलं. ते खुर्ची मागे सरकवून हसले आणि अर्जावर सही केली.

बेत असा आहे. मुक्काम राजधानीत, तुमच्याकडे. सकाळी आगगाडीनं निघायचं, आसपासचं एखादं जुनं शहर पालथं घालायचं आणि रात्री तुझ्या हातचं जेवायला परत. तू चित्रं काढ, मी पाय मोकळे करीन. भावोजी रेल्वेच्या वेळापत्रक कचेरीत असताना मी कशाला डोकं शिणवू? त्यांना म्हणावं, मेहुणीसाठी जरा लेखणी झिजवा. नाहीतर मी भलत्या गाडीत बसून भलत्याच मुलखात उतरेन.

आता चौकशी. तुझी पत्रं फार आखूड झाली आहेत गं. मागच्या पत्रात हवा बरी आहे, आम्ही बरे आहोत, एवढंच. उरलेला कोरा कागद मी उलटसुलट करून पाहिला. भावोजींशी बिनसलंय का? बिनसलं असेल तर मी त्यांच्या बाजूनं. गाड्या त्यांच्या हातात आहेत!

लोभ पातळ होऊ देऊ नकोस,
तुझी भिंगरी

—

९ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. ताईला हल्ली लिहायचा कंटाळा येतो, म्हणून उत्तर मीच देतो. शहरांची नावं तुझ्या डोक्यात राहत नाहीत हे तुझं जुनं दुखणं, तेव्हा सोप्या नावांनी लिहितो.

पहिली सहल घुमटाच्या शहराची. पहाटेची जलद गाडी नको, तिच्या मागची घे. तिला गर्दी नसते. डाव्या खिडकीशी बस, नदी शेवटपर्यंत सोबत येते. घुमटात वर जायला अरुंद जिना आहे, चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघे बोलतात. दुसरी सहल पुलांच्या शहराची. सगळे प्रवासी पहिल्याच पुलावर गर्दी करतात. तू पुढच्या पुलावर जा, म्हणजे पहिला पूलही दिसेल आणि गर्दी करणारी माणसंही. तटबंदीचं शहर मी वगळलं आहे. तिथे बघण्यासारखं काही नाही.

नियम एकच. संध्याकाळची गाडी चुकवायची नाही. मी आयुष्यात गाडी चुकवलेली नाही, आणि माझ्या घरातल्या माणसानं चुकवलेली मला चालत नाही. ताई घरीच राहील. तिला प्रवास सोसत नाही.

मेहुणीची वाट पाहणारा,
भावोजी

ता. क. जाड कोट आण. — ताई

—

१५ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

प्रवास सोसत नाही? कुणाला? मला पाठुंगळीला घेऊन घरामागचा डोंगर चढणारी ती कोण मग? मी तेव्हा चांगली गुबगुबीत होते. ते काही नाही, निदान पुलांच्या शहराला तू येणारच.

आणि तटबंदीचं शहर का वगळलं? तिथल्या संग्रहालयाबद्दल तूच मला भरभरून लिहिलं होतंस. भावोजींना सांग, वगळायचं असेल तर मेहुणीला विचारून वगळा.

ह्या पत्राचं उत्तर तुझ्या हातचं हवं. एक ओळ चालणार नाही. रुसेन.

तुझीच,
भिंगरी

—

२१ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्यापासून लपवून ठेवणं आता बरं नाही. हे वाचून घाबरू नकोस.

गेल्या मार्चात ताई मला न सांगता तटबंदीच्या शहराला निघून गेली. बरोबर बॅग, बॅगेत हिवाळ्याचे कपडे. संध्याकाळच्या गाडीनं आली नाही. तिकीट खिडकीवर चौकशी करून मी तसाच निघालो. ती तिथल्या स्टेशनच्या प्रतीक्षालयात बसलेली सापडली. मला पाहून ओरडायला लागली, मला ओळखतच नाही अशी वागली. स्टेशनमास्तर सज्जन निघाले, म्हणून तिला घरी आणता आलं. तेव्हापासून औषधं चालू आहेत. डॉक्टर माझे मित्र आहेत.

त्यांचं म्हणणं, तिला काही काळ विश्रांतीच्या ठिकाणी ठेवावं. शहराबाहेर टेकडीवर तशी एक जागा आहे. दारं बंद असतात, पण आत बाग आहे. तिथे ठेवायला नवऱ्याच्या सहीबरोबर रक्ताच्या नात्यातल्या कुणाची तरी सही लागते. आईवडील राहिले नाहीत, तेव्हा तूच. येतेच आहेस, तर तेवढं काम होऊन जाईल.

तिला यातलं काही लिहू नकोस. तिला आलेली पत्रं मीच वाचून दाखवतो.

तुझा,
भावोजी

—

२६ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी रोज आठवण येते. मी उगाच हट्ट केला, सहलीचं मनावर घेऊ नकोस. घरीच गप्पा मारू. फार विचार करत बसू नकोस आणि औषधं वेळेवर घे. भावोजींसारखं जपणारं माणूस जवळ आहे, ते सांगतील तसं वाग. मी आले की सगळं नीट होईल.

काळजी घे, ताई.
भिंगरी

—

१ ऑक्टोबर

चि. भिंगरी,
अ. आ.

हे पत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई पोस्टात टाकतील. मापं घ्यायला वर येतात, तेवढंच एक माणूस मला भेटतं.

तुझं पत्र ह्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं. औषधं वेळेवर घे, हे तुझ्या तोंडचं ऐकलं आणि मला तुझीही भीती वाटली. तोवर मी फक्त ह्यांना भीत होते.

मार्चात मी वाट चुकले नव्हते गं. मला तटबंदीच्या शहरातल्या संग्रहालयात काम मिळालं होतं. जमिनीतून निघालेल्या जुन्या भांड्यांच्या तुकड्यांची चित्रं काढायची. राहायची खोली सकाळी ताब्यात मिळणार होती, म्हणून रात्रीपुरती प्रतीक्षालयात बसले होते. हे आले. ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नाहीत. स्टेशनमास्तरांना बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मग ज्याला त्याला माझी दया येऊ लागली. कुणी पाणी दिलं, कुणी अंगावर शाल टाकली, आणि सगळ्यांनी मिळून मला हलक्या हातांनी गाडीत बसवलं. मी जितकी नको नको म्हणत होते, तितकं ह्यांचं म्हणणं खरं ठरत होतं.

तेव्हापासून माझ्या चपला ह्यांच्या कपाटात असतात आणि किल्ली ह्यांच्याबरोबर कचेरीत जाते. गोळी घेतली की दुपार कुठे गेली ते कळत नाही. आता मी ती जिभेखाली धरते आणि मोरीत थुंकते. ह्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. उगारला असता तर कुणाला सांगायला सोपं गेलं असतं.

माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणत नाही. ये, चार दिवस मला बघ आणि मग तूच ठरव. टेकडीवरच्या जागेचं आणि तुझ्या सहीचं ह्यांचं डॉक्टरांशी झालेलं बोलणं मी दाराआडून ऐकलं आहे. तोवर सही करू नकोस.

तुझी,
ताई

—

६ ऑक्टोबर

ती. भावोजींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. सहीचं मी मनावर घेतलं आहे, तुम्ही निश्चिंत असा.

एकच हट्ट पुरवा. टेकडीवर जायच्या आधी ताईला एकदा पुलांचं शहर दाखवू. पुन्हा कधी योग येईल कोण जाणे. तुम्हीही चला. तुम्ही बरोबर असल्यावर गाडी चुकायची बिशाद आहे का!

मेहुणीवरची माया आटू देऊ नका,
भिंगरी

—

१० ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू समंजस आहेस, हे मी ताईला नेहमी सांगतो.

तुझ्या रजेतल्या शेवटच्या रविवारी आपण तिघं जाऊ. तिकिटं काढली आहेत, तिन्ही माझ्याजवळ राहतील. दुपारपर्यंत पूल, मग चहा, मग थेट स्टेशन. ताईच्या चपलांना पॉलिश करून ठेवलं आहे. रात्री आपण परत आलो की डॉक्टर घरी येतील, कागद त्यांच्यासमोरच पुरा करू.

भावोजी

—

३० ऑक्टोबर

शिंपीणबाईंस,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघी माझ्या घरी सुखरूप आहोत. त्या दिवशी पहाटे तुम्ही जिन्यात उभ्या राहून आम्हाला जाताना पाहिलंत. पुढे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

मी त्या घरात ताईशेजारी झोपले, तिच्याबरोबर जेवले, तिला बघितलं. ती पूर्ण शहाणी आहे. घाबरलेली मात्र इतकी की कपबशी वाजली तरी दाराकडे बघायची.

रविवारचा दिवस छान गेला, आणि मला त्याचीच भीती वाटत होती. भावोजींनी प्रत्येक पुलाची माहिती सांगितली, माझी थट्टा केली, स्वतः चहा आणून दिला. ताईचं कोपर तेवढं दिवसभर त्यांच्या हातात होतं. संध्याकाळी फलाटावर गाडी लागली, तशी ताईनं कोपर सोडवलं, बाकावर बसली आणि म्हणाली की मी येत नाही.

त्यांनी चष्मा काढून पुसला. स्टेशनमास्तरांकडे गेले, हळू आवाजात बोलले. माणसं गोळा झाली. एका म्हाताऱ्या बाईंनी ताईपुढे पाणी धरलं, कुणीतरी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागलं. तिनं मला लिहिलं होतं अगदी तसंच, शिंपीणबाई, आणि त्यातलं एकही माणूस वाईट नव्हतं. मग भावोजी माझ्याकडे वळले. ही हिची सख्खी बहीण, हिला विचारा, असं सगळ्यांना म्हणाले. ते इतके दुःखी दिसत होते की क्षणभर मलाही त्यांचं खरं वाटलं. मला वाटलं, माझंच तर काही चुकत नाही ना?

मग मी बोलले. सगळ्या फलाटाला ऐकू जाईल एवढ्यानं. माझ्या बहिणीला काहीही झालेलं नाही, ह्या माणसानं तिला घरात कोंडलं आहे आणि ती माझ्याबरोबर येते आहे, असं म्हणाले. स्टेशनमास्तर गोंधळले. शेवटी त्यांनी ताईलाच विचारलं की बाई, तुम्हाला कुठे जायचंय. ताई माझ्याकडे बोट करून म्हणाली, हिच्या घरी. ते म्हणाले की मग मी कोण अडवणार.

शिट्टी झाली. भावोजींनी घड्याळ पाहिलं आणि गाडीत चढले. खिडकीतून ताईला एवढंच म्हणाले की इथून सुटणारी प्रत्येक गाडी कुठे जाते ते त्यांना पाठ आहे.

उलट दिशेच्या गाडीत ताई तोंड उघडं टाकून झोपली. मी दर स्टेशनावर खिडकीतून वाकून फलाट बघत होते.

त्यांनी विचारलं तर तुम्हाला काही ठाऊक नाही. तुमचे उपकार आहेत, ते ह्या जन्मी विसरणार नाही.

आपली,
भिंगरी

—

१९ जानेवारी

चि. भिंगरी,
अ. आ.

मी तटबंदीच्या शहरात पोचले तेव्हा संग्रहालयाच्या प्रमुखबाईंनी काही न विचारता टेबल दाखवलं. मीच सगळं सांगितलं. त्यांनाही आणि दारावरच्या पहारेकऱ्यालाही. सांगताना लाज वाटेल असं वाटलं होतं, पण राग आला. बरं वाटलं.

शिंपीणबाईंचं पत्र आलं होतं. हे दर रविवारी सहलीला जातात. सोमवारी जिन्यात भेटले की छान हसून सांगतात, काल घुमटाचं शहर पाहिलं, काल पुलांचं. तिथल्या कागद-रंगांच्या दुकानांत चौकशी करतात म्हणे, चित्रं काढणाऱ्या बाई येतात का म्हणून. तुझ्याकडेही येऊन गेले होते, हे तू मला सांगितलं नाहीस. शिंपीणबाईंनी सांगितलं. पुन्हा असं करू नकोस.

काल ते इथे आले.

माझं टेबल काचेच्या भिंतीमागे आहे, लोकांना आमचं काम बघता यावं म्हणून. दार उघडताच त्यांनी रीतसर तिकीट काढलं आणि काचेपाशी येऊन उभे राहिले. मी एका घड्याच्या काठाचं चित्र काढत होते. एक रेघ हलली. ती पुसून पुन्हा काढली. ते हात मागे बांधून, मान किंचित कलती करून बघत होते, एखाद्या जुन्या वस्तूकडे बघावं तसे. दुपारी पहारेकऱ्याला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले की ह्या बाई आजारी आहेत. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला की साहेब, काचेला टेकू नका, डाग पडतात. मला हसू आलं. ह्यांच्या देखत किती दिवसांनी हसले, आठवत नाही. त्यांनीही ते पाहिलं.

संध्याकाळच्या गाडीला ते वेळेवर निघाले. जाण्याआधी दारावरच्या पाटीवरच्या वेळा त्यांनी खिशातल्या वहीत सावकाश उतरवून घेतल्या, आणि आमचा मागचा दरवाजा कुठल्या गल्लीत उघडतो ते तिकीटवालीला विचारलं.

प्रमुखबाई म्हणतात की पुढच्या रविवारी सुट्टी घ्या. मी नको म्हटलं. घड्याचं चित्र अर्धं राहिलं आहे.

दाराला आतून कडी घालून झोपत जा. माझ्यावर लोभ आहेच तुझा, तो असाच राहू दे, म्हणजे मला बळ येतं.

तुझी,
ताई