गोणपाटाचा खुलासा

अमरावती,
बुद्धपौर्णिमेनंतरचा शुक्रवार

आदरणीय शकुनताई,

तुम्हाला आणि देवमन भाऊजींना मनापासून जयभीम. भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना उतरतानाच डॉक्टरांना शिव्या देतात, की आता चढतानाही? अकोल्याचं ऊन यंदा आमच्या पुढे गेलं म्हणे (दोन्ही गावांनी चढाओढ करावी असं आता उन्हाशिवाय काही उरलेलं नाही). इकडे आई ठणठणीत, तुमचे बंधू नेहमीप्रमाणे व्यासपीठावर, रागिणी मोबाइलमध्ये. माझं पुढे येतंच आहे.

फोन सोडून पत्र काय लिहून राहिली, म्हणाल. आईंना ऐकू कमी येतं म्हणून आमच्या घरात फोन स्पीकरवरच चालतो, आणि तुमचं व्हॉट्सॲप तुमच्या सूनबाई मोठ्याने वाचून दाखवतात. दोन्हीकडच्या बैठकीत ऐकू जावं असं हे नाही. शेजारच्या कौशल्याबाईंचे यजमान बडनेऱ्याहून गाडीने रोज अकोल्याला जातात, त्यांच्या डब्याच्या पिशवीत हे टाकते आहे.

तर, "रश्मी विटाळ पाळायला लागली" ही बातमी तुमच्यापर्यंत आली असेलच. अशा बातमीला गाडी लागत नाही. तिचा हा खुलासा.

रागिणी झाल्यावर दोन मुली पुरे असं ठरलं. ठरलं म्हणजे तुमच्या बंधूंनी तिवशाला कुटुंबनियोजनावर भाषण दिलं आणि तांबी मी बसवली. पुरुषांच्या नसबंदीबद्दलही ते त्या भाषणात फार कळकळीने बोलले होते. त्यांची स्वतःची मात्र पुढच्या हिवाळ्यावर गेली, आणि तो हिवाळा विदर्भात अजून यायचा आहे. पहिली तांबी गुणाची निघाली. मुदत संपल्यावर दुसरी बसवली, तिच्याशी काही माझं जमलं नाही. पूर्वी पाळी पाहुण्यासारखी यायची, चार दिवस राहून जायची. आता ती भाडेकरू झाली आहे. जाते म्हणते, सामान बांधते, आणि आपण जरा हुश्श करतो न करतो तोच परत दार वाजवते. आणि येते ती अशी, की एकावर एक दोन पॅड, त्यावर आईंच्या जुन्या लुगड्याची घडी, तरी मधल्या सुटीपर्यंत धीर निघत नाही. भातकुलीच्या एसटीत मी रिकामी जागा सोडून उभी राहते (कंडक्टरला वाटतं माझा काही नवस आहे). वर्गात पोरांकडे पाठ करून फळ्यावर लिहिणं सोडलं. सातवीच्या मुलांची समजूत अशी, की मॅडम आता सगळं तोंडीच शिकवतात, वरून तसा आदेश आला असेल.

कौशल्याबाई बाजूला बसतात. त्या दिवसांत स्वयंपाक त्यांचे यजमान करतात. वाईट करतात, पण करतात. आपल्या घरात पाळीचा विटाळ नाही, त्यामुळे पाळीची सुटीही नाही. मुक्त बाई चारही दिवस मुक्तपणे भाकरी थापते. गैरसमज नको ताई, गुलामी ती गुलामीच, आणि आठ मार्चला महिला मंडळात तसं ठणकावून सांगणारी मीच होते. पण भर दुपारी कौशल्याबाईंना ओसरीत आडवं पडलेलं पाहिलं, की त्यांच्या मागासलेपणाचा मला असा हेवा वाटतो की काय सांगू!

पौर्णिमेला सकाळी विहारात वंदना. पांढरी साडी ठरलेली, बसायचं सतरंजीवर. त्या साडीत तासभर बसून मी उठले असते, तर पुढचं चित्र तुम्हीच काढा. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. घरात बसावं तर सोफ्याला आईंनी नवं पांढरं कव्हर चढवलेलं (सणाला आपण सोफ्यालाही पांढरं नेसवतो). म्हणून मागच्या ओट्यावर गव्हाचं रिकामं गोणपाट घडी करून टाकलं आणि भिंतीला टेकून बसले. त्याला डाग दिसत नाही आणि ते धुता येतं, एवढाच त्यामागचा विचार. तेवढ्यात मंडळाच्या सचिव गीतांजलीताई मला न्यायला आल्या. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "मी नाही येत, मला पाळी आहे."

हे वाक्य आपल्या वस्तीत गेल्या दोन पिढ्यांत कोणी उच्चारलं नसावं. गीतांजलीताईंनी गोणपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आठ मार्चच्या माझ्या भाषणानंतर आभार त्यांनीच मानले होते. त्या तिथूनच वळल्या, आणि वंदना संपेपर्यंत विहारात खिरीच्या आधी मी वाटली गेले होते.

दुपारी तुमचे बंधू आले, सोबत खिरीचा डबा आणि दोन कार्यकर्ते. ओट्याच्या पायरीवर उभे राहून त्यांनी मला अत्यंत सौम्य आवाजात समजावलं, की पाळी ही एक नैसर्गिक क्रिया आहे. मला, ताई! कार्यकर्त्यांनी माना डोलावल्या. त्यातला एक तर बिनलग्नाचा. मी प्रत्येक वाक्याला हो म्हणत गेले, कारण नाही म्हणायला जास्त श्वास लागतो. तोंड पांढरं का पडलं, हे तेवढं कोणी विचारलं नाही. पौर्णिमेला सगळेच पांढरे असतात.

आईंचं मात्र मनाला लागलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "माह्या मायचं गोणपाट असंच होतं. गोठ्यापाशी बसे बिचारी त्याच्यावर. छप्पन साली तिनं सोताच्या हातानं चुलीत घातलं. अन् तू शिकलेली बाई, पुन्हा आंथरून राहिली? काहून?"

याला उत्तर देणं भाग होतं. मी भिंत धरून उठले. आईंनी गोणपाट उचललं, फेकून द्यायलाच, पण ते त्यांच्या हाताला जड लागलं. त्यांनी आधी आपला तळवा पाहिला, मग ओटा पाहिला. कार्यकर्त्यांना म्हणाल्या, "तुमी जा रे बाबू आता." आणि तुमच्या बंधूंना, "तू बी चूप बस. बाई रिकामी होऊन राहिली, अन् तू इले शिकवून राहिला?"

भाषण अर्धवट सोडून तुमचे बंधू पायरी उतरलेले मी लग्नानंतर प्रथमच पाहिले. बघायला मजा आली असती, पण मी तोवर खाली बसले होते.

तर खुलासा इतकाच, की मी विटाळ पाळत नाही. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, गूळ-शेंगदाणे खाते आहे, काळजी नसावी. भाऊजींना गुडघ्याला जपायला सांगा.

तुमची,
रश्मी

ता. क. गोळ्यांवर भागणार नाही असं डॉक्टर नाजिया म्हणतात. तांबी काढायची, पण माझ्यात तेवढं रक्तच नाही, म्हणून आधी रक्त चढवायचं. मंगळवारी भरती व्हायचं आहे. रक्तपेढीवाले बाटलीच्या बदल्यात रक्तदाता मागतात. तुमच्या बंधूंनी चौदा एप्रिलच्या शिबिरात रक्त दिलं, त्यामुळे तीन महिने त्यांचं चालत नाही. त्यांनी प्रमाणपत्र नेऊन दाखवलं. रक्तपेढीवाले म्हणाले, छान आहे. मोठी पुण्याला परीक्षेत अडकली आहे, रागिणी अठराची नाही. गीतांजलीताईंना विचारायला तोंड उरलेलं नाही. ताई, तुम्ही याल का?

ता. क. दुसरा. तांबी काढताना आतला एक तुकडा तपासायला पाठवणार आहेत. कशासाठी ते मी विचारलं नाही, आणि मी विचारलं नाही हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. तुमच्या बंधूंना हे माहीत नाही. आईंना सांगितलं नाही, पण परवापासून भाकरी त्या टाकतात आणि भाजी तुमचे बंधू करतात. ती मी निमूटपणे खाते, यावरून माझी अवस्था ओळखा.

ता. क. तिसरा. येताना तुमची एखादी जुनी, गडद रंगाची साडी आणा. परत मिळेलच, असा शब्द देत नाही.