टाळ्यांची चप्पल

मंगळवार, संध्याकाळ. लातूर

सर निवृत्त होताहेत. विद्यापीठाच्या नाट्यविभागात इतकी वर्षं दिग्दर्शक आणि नाटककार. म्हणून नांदेडला सत्कार, गौरवग्रंथ. त्यातला माझ्या नावाचा लेख आज त्यांनी स्वतःच लिहून पाठवला. वर फोन. "तुला वेळ कुठं असतो, लेखिकाबाई? नुसती सही कर." स्वतःची स्तुती स्वतः लिहायची आणि खाली विद्यार्थ्यांच्या सह्या घ्यायच्या. लाज कशी वाटत नाही?

लेखात मी म्हणते की, त्यांच्या गाजलेल्या एकांकिकेतली आई त्यांना एका बैठकीत सुचली. प्राचार्यांच्या टेबलावर चप्पल आपटून लेकीचा प्रवेश मागणारी आई. साफ खोटं. तालमीत सर आम्हाला घरचा प्रसंग करून दाखवायला लावायचे आणि वही उघडून बसायचे. मी माझी आई करून दाखवली होती. चप्पल तेवढी त्यांची भर, टाळ्यांसाठी. त्या चपलेवर बढती, पुरस्कार, आता हा ग्रंथ.

आणि प्रत्येक प्रयोगात ती आपटत कोण होतं? मीच. मुख्य भूमिका मिळाली म्हणून गप्प बसले का मी?

आईला लेख वाचून दाखवला. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "चप्पल कुठली गं? अनवाणीच गेले होते मुखेडच्या कालेजात. आन् आपटू कशाला? दारात उभी राहिले, सायेब हो म्हणंपर्यंत."

अख्खा लेख खोडला. खाली तिचं हे बोलणं जसंच्या तसं लिहिलं, तिच्या नावानिशी.

मग सही केली.