सिस्टरच्या पुस्तकाला कुणी नाही म्हणेना

सर,

या महिन्यात मी तीन प्रकाशकांशी भांडले आणि तिघांनीही माझं अभिनंदन केलं. प्रकाशक म्हणते आहे, कारण ते स्वतःला तसं म्हणवतात. तुमच्या वेळी हा धंदा या रूपात नव्हता, म्हणून आधी समजावून सांगते. लेखकाने मजकूर पाठवायचा, सोबत पैसे पाठवायचे, आणि ते संगणकावर पुस्तक तयार करून ठेवतात. छापत नाहीत. कुणी एक प्रत मागितली की एक छापतात, दोन मागितल्या की दोन. गठ्ठे नाहीत, गोदाम नाही, पलंगाखाली वाळवी नाही. हे ऐकून तुम्ही खुर्चीतून उठला असतात. नायगावच्या तुमच्या खोलीत पाय पसरायला जागा नसायची ती न खपलेल्या पुस्तिकांमुळेच. तेव्हा यंत्राशी माझं भांडण नाही, यंत्र चांगलंच आहे. ते ज्यांच्या हातात गेलं आहे त्यांच्याविषयी मला बोलायचं आहे, आणि सभेत बोलता येणार नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

पुस्तक आपल्या सिस्टरचं आहे. तुमच्या खोलीपासून चार दारं सोडून राहायच्या, परळच्या हॉस्पिटलात नर्स होत्या, आणि सगळी चाळ त्यांना नावाने न हाकारता सिस्टरच म्हणायची. शेवटच्या आजारात तुम्हाला इंजेक्शनं त्यांनीच दिली. आता त्या निवृत्त झाल्या आहेत, चाळ पाडल्यामुळे तात्पुरत्या इमारतीत राहतात, मुलगा ठाण्याला गेला आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये नायगावच्या सभेत मी नेहमीप्रमाणे गरजले की, लिहा, आपलं आपण लिहिलं नाही तर दुसरे लिहितील आणि त्यांना हवं तसं लिहितील. टाळ्या पडल्या. मी पाणी प्यायले आणि दुसऱ्या सभेला गेले. दिवाळीच्या आधी सिस्टर माझ्या दारात उभ्या राहिल्या, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, “तू बोललीस, मी लिहिलं. आता काय करायचं ते तू बघ, बाय.”

मोठ्या प्रकाशकांकडे आम्ही आधीच पाठवून पाहिलं. एकाने उत्तर दिलं नाही, दुसऱ्याने आठवणींची पुस्तकं हल्ली चालत नाहीत म्हणून कळवलं, तेही वाचून की न वाचता ते कळायला मार्ग नव्हता. मग सिस्टरच्या मुलाने मोबाइलवर या कंपन्या शोधून काढल्या आणि त्यातली बरी कुठली ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं. का, तर मी शिकलेली, मी बोलणारी. सिस्टरनी बँकेतली ठेव मोडायची तयारी केली. “पोराचं शिक्षण झालं, लग्न झालं. आता हे एक माझं,” असं म्हणाल्या. मी ठेव मोडू नका म्हटलं, आधी मला बघू द्या म्हटलं, आणि बघायला बसले.

पहिली कंपनी फुकट म्हणते. फुकट म्हणजे काय, तर पान तुम्ही लावा, मुखपृष्ठ तुम्ही करा, चुका तुम्ही काढा, आणि हे सगळं येत नसेल तर प्रत्येकाचे वेगळे पैसे. त्यांच्या नमुन्याच्या पानावर मराठी जोडाक्षरं अपघात झाल्यासारखी फुटून पडली होती. मी तक्रार केली तर उत्तर आलं, इंग्रजीत, की हस्तलिखित इंग्रजीत दिल्यास ही अडचण येणार नाही. सर, हे मी तीनदा वाचलं. दुसऱ्या कंपनीकडे चांदी, सोनं आणि हिरा अशी तीन पॅकेजं आहेत, सराफाच्या दुकानासारखी. पुस्तकावर जो आंतरराष्ट्रीय क्रमांक लागतो, तो आपलं सरकार अर्ज केला की विनामूल्य देतं. तो यांच्याकडे सोन्याच्या पॅकेजमध्ये खास सुविधा म्हणून बसवलेला आहे. शंभर टक्के मानधन लेखकाला, असं मोठ्या अक्षरात लिहितात. कशाचे शंभर टक्के, तर छपाई, विक्रेत्याचा वाटा आणि पाठवणी वजा जाता जे उरेल त्याचे. ताटातलं सगळं दुसऱ्यांना वाढून झाल्यावर ताट पूर्ण तुमचं. तिसरी कंपनी सर्वांत सभ्य. ती शुल्क घेतच नाही. ती फक्त लेखकाला स्वतःच्याच पुस्तकाच्या मोठ्या संख्येने प्रती विकत घ्यायला लावते आणि त्याला सहभाग म्हणते. वर करारात असं कलम की काही वर्षं लेखकाने तेच पुस्तक दुसरीकडे देऊ नये. पैसे तुमचे, मजकूर तुमचा, आणि कुलूप त्यांचं.

तुम्ही मला लगेच अडवलं असतंत, ते मला ऐकू येतं आहे. तुम्ही म्हणाला असतात, अगं, मीही पैसे देऊनच छापून घ्यायचो. खरं आहे. गिरगावातल्या त्या बोळातल्या छापखान्यात मी तुमच्याबरोबर आले आहे. तुम्ही कागदाचा भाव करता आहात, मालक म्हणतो आहे, “मास्तर, मागचं बाकी आहे,” आणि तुम्ही म्हणता, “पुढचं वाचून तर बघा, मागचं विसराल.” चाळीतल्या माणसांनी आगाऊ वर्गणी दिलेली असायची आणि त्यांची नावं शेवटच्या पानावर यायची, एखाद्याचं राहिलं तर तो महिनाभर तुमच्याशी बोलायचा नाही. पण सर, तो छापखानेवाला स्वतःला छापखानेवालाच म्हणवायचा. तो शाई, कागद आणि मजुरी विकत होता. तुमचं लिखाण आवडलं, निवड समितीने पसंत केलं, असं खोटं त्याने एकदाही विकलं नाही. आवडलं की नाही हे ठरवायचं काम तुमचं होतं आणि तुम्ही ते फुकट करायचात, इतकं कठोरपणे करायचात की माणसं तुमच्या दारावरून जायची थांबायची.

मी स्वतः थांबले होते. कॉलेज संपलं होतं, माझी भाषणं गाजत होती, लालबागपासून माझगावपर्यंत लोक बोलावत होते, आणि माझ्या मनाने घेतलं की भाषणांचं पुस्तक काढायचं. तुमची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. काकी स्वयंपाक करत असायच्या आणि तुम्ही उंबऱ्यावर बसून आलेला मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचात. काकींचा हात जिथे थांबेल ते पान ठेवायचं. काकी मत कधी देत नसत, त्यांना कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “मला काय कळतंय, मी आपली भाजी चिरते.” त्या संध्याकाळी त्या मेथी निवडत होत्या. तुम्ही वाचता आहात, मी भिंतीला टेकून माझी वाक्यं ऐकते आहे, आणि काकी शांतपणे एकेक काडी बाजूला टाकत आहेत. मेथी संपली. तुम्ही कागद सारखे केलेत आणि म्हणालात, “भाषणात टाळी येते म्हणून तू वाक्य तिथेच सोडून देतेस. पुस्तकात टाळी नसते. वाचणारा पुढे काय म्हणून बघतो आणि पुढे काही नसतं.” मी विचारलं, म्हणजे छापणार नाही? “नाही,” तुम्ही म्हणालात. “जेवून जा.” मी जेवले नाही. कितीतरी महिने तुमच्याकडे फिरकले नाही, आणि तुमच्याविषयी जे काही वाईट बोलायचं ते बीडीडी चाळींच्या प्रत्येक जिन्यावर बोलून झालं. पण ते पुस्तक निघालं नाही हे माझ्यावरचे उपकार आहेत हे आज मला पुरतं कळतं, आणि म्हणूनच या तिघांवर माझा इतका संताप आहे. ते कुणाला नाही म्हणतच नाहीत. ज्याच्याकडे पैसे आहेत तो लेखक. ज्याच्याकडे हिऱ्याचे पैसे आहेत तो मोठा लेखक.

मी तिघांनाही सिस्टरच्या पुस्तकातलं एक प्रकरण पाठवलं. तिघांकडून निवड झाल्याचं पत्र दोन दिवसांत आलं. मी दुसऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड बोलणारा माणूस.

“काँग्रॅच्युलेशन्स मॅम, आपलं बुक सिलेक्ट झालंय.”

“कोणी वाचलं?”

“आपल्या एडिटोरियल बोर्डने, मॅम.”

“कशाबद्दल आहे ते?”

तो म्हणाला, “मोटिव्हेशनल आहे ना, मॅम.”

मी म्हटलं, एका नर्सच्या निवृत्तीचा निरोपसमारंभ आहे त्यात, कोण कोण व्यासपीठावर होतं याची यादी आहे, त्यातून तुमच्या बोर्डाला कसली प्रेरणा मिळाली? मग मी बोलायला लागले, आणि मी बोलायला लागले की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. शब्दांची किंमत, वाचकाचा विश्वास, आपल्या माणसांना अक्षर मिळायला किती पिढ्या लागल्या आणि तुम्ही त्याचा पॅकेजवर बाजार मांडला आहे, सगळं काढलं. तो ऐकत राहिला. शेवटी अगदी साध्या आवाजात, न चिडता म्हणाला, “मॅम, मला दिवसभर फोनच करायचे असतात, वाचायला कोण देतो? पण तुम्ही तर वाचलंय ना. तुम्हीच सांगा, कसं आहे?”

मी फोन ठेवला.

परवा सिस्टरकडे गेले. त्यांनी सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. मी तिन्ही कंपन्यांची तुलना त्यांना समजावून सांगितली, कलमं, टक्के, कुलूप. त्या भाकरी थापता थापता ऐकत होत्या. मी म्हटलं, सिस्टर, यातली कुठलीच नको. यांची एक प्रत इतकी महाग पडते की आपल्या चाळीतल्या माणसाने ती घ्यायची तर आठवड्याची भाजी सोडावी लागेल. त्या म्हणाल्या, “मला एकेक प्रत नकोच गं. मला गठ्ठा पाहिजे. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात चादर टाकू. मी बसते विकायला, तू ओरड. तुझा आवाज काय, माईक बंद पडला तरी दादर स्टेशनपर्यंत जातो.” आणि हसल्या. सर, या बाईने एका वाक्यात तो सगळा धंदा मोडीत काढला. मागेल तेव्हा छापू, असं ते म्हणतात. पण लांबून गावाकडून आलेला आपला माणूस आधी मागत नाही. तो वाकतो, चादरीवरचं पुस्तक उचलतो, उभ्याउभ्या पान उलटतो, आणि मग परवडलं तर घेतो. त्याला मागावंसं वाटायला पुस्तक आधी त्याच्या हातात पडावं लागतं. मी हे त्यांना आवेशाने सांगायला लागले तर त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “ते ऱ्हाऊ दे. तुला कसं वाटलं माझं लिहिलेलं? तू काय बोलली नाहीस अजून.”

मी म्हटलं, कंपनीचं आधी ठरू दे. “बरं,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.

मी ते पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं, सर. बहुतेक पानं सत्कारांची आहेत, बदल्यांची आहेत, कुठल्या साहेबांनी कसं कौतुक केलं त्याची आहेत. मला कंटाळा आला. आणि मध्येच एका पानावर भाजलेल्या बायकांच्या वॉर्डातल्या चार ओळी आहेत. जबाब घ्यायला माणूस आला की बाई म्हणायची, स्टोव्ह भडकला. पायाशी सासू उभी असायची. सिस्टर त्या सासूच्या हातात चिठ्ठी द्यायच्या, खालून अमुक औषध घेऊन या, जे औषध कुणाला नको असायचं. सासू जिना उतरेपर्यंत जो वेळ मिळायचा, तेवढ्यात बाई खरं सांगायची. चार ओळी, आणि पाचव्या ओळीत पुन्हा प्रमुख पाहुण्यांची नावं. मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. त्या बायकांनी काय सांगितलं, ते सिस्टरनी लिहिलेलं नाही. त्यांना ते सगळं पाठ असणार. ते बाहेर आलं तर तेच पुस्तक आहे, आणि आत्ता जसं आहे तसं छापलं तर त्या चार ओळी हारतुऱ्यांखाली कायमच्या पुरल्या जातील. हे त्यांना सांगायला हवं. म्हणजे आधी, हे पुस्तक अजून झालेलं नाही, असं सांगायला हवं, आणि या डिसेंबरची चादर विसरा, असंही. त्यांचं वय मला माहीत आहे, आणि मी काय मागते आहे तेही माहीत आहे.

रविवारी जाणार आहे, तेवढं एकच पान घेऊन. तुम्हाला हे पाठवायचा प्रश्नच नाही, सकाळी फाडून टाकेन, कारण सभांमध्ये लोक माझी निर्भीड म्हणून ओळख करून देतात आणि हे पत्र कुणाच्या हाती लागलेलं मला चालणार नाही. मंत्र्यांना तोंडावर नाही म्हटलं आहे मी, पोलिसांना म्हटलं आहे. सिस्टरना म्हणवेना. तिघांना पाठवायला मी ते निरोपसमारंभाचं प्रकरण मुद्दाम निवडलं होतं, सगळ्यांत वाईट म्हणून. मला वाटलं, त्यांच्यापैकी कुणीतरी माझ्या वतीने नाही म्हणेल.