बसलेला आवाज

कॅम्प-१, भिलाई
१४ नोव्हेंबर १९८४

ती. आईस रत्नमालाचा सप्रेम जयभीम.

आई, आता सगळं ठीक आहे, म्हणून सांगते. दोन महिने माझा आवाज बसला होता. शाळेत शिकवताना सारखा घसा खाकरावा लागे. बाबांचा आजार असाच सुरू झाला होता, म्हणून तुला कळवलं नाही.

शेवटी हेच मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी आरशाने घसा पाहिला. म्हणाले, "गाठ नाही. पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतं."

"पण छातीत जळजळ तर होत नाही!"

"काहींना होतच नाही. नुसता घसा सुजतो."

मी तिथेच रडले.

आता चहा, तिखट कमी केलंय. यांनी खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या. जेवण सातलाच. हेही सोबत बसतात. "मले तवाच भूक लागते," म्हणतात. माझ्यासाठीच करून राहिले, मला कळत नाही का!

तुझे गुडघे कसे आहेत?

चंपतदादाच्या मुलीच्या बारशाला सुट्टी नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. आवाजच नसलेल्या आत्याने पाळणा कसा म्हणावा? शनिवारी येते. तिला मांडीवर घेऊन म्हणेन.

तुझीच,
रत्नमाला