तक्रारीतलं एक वाक्य

नंदाखाल,
शनिवार

प्रिय डेरिक,

गॅब्रिएल परवा मस्कतला परत निघतोय. त्याच्याबरोबर सुकेळी पाठवते आहे, आपल्याच वाडीतल्या केळ्यांची. पुडकं मुलांच्या हाती देण्याआधी त्यातलं हे पत्र काढून घे आणि एकटा बसून वाच. आई कधी नव्हे ते कागदावर लिहायला लागली म्हणून घाबरू नकोस. फोनवर सांगता आलं असतं तर सांगितलंच असतं. पण घरात फोन एकच, तो पप्पांच्या खिशात, आणि तुझा आवाज आला की ते स्पीकर लावून माझ्या शेजारी येऊन बसतात. मेसेज टाकावा तर तोही तेच आधी वाचतात, आणि मोठ्याने.

बोळिंजच्या त्या बर्गरच्या दुकानात काय झालं ते तू पप्पांकडून ऐकलंस. आता माझ्याकडून ऐक. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तू हौसेने कूपन पाठवलंस. चर्चमध्ये सकाळची मिस्सा करून आम्ही रिक्षाने गेलो. पप्पांनी तू आणलेला निळा शर्ट घातला होता आणि मला सारखे विचारत होते, तिथे काट्याचमच्याने खावं लागतं का. आत गेलो तर कुणी वर मान करून बघेना. काउंटरवर विचारलं तर मुलीने बोटाने टीव्हीसारखा एक पडदा दाखवला, काय हवं ते त्यावर दाबा म्हणे. जन्मभर शाळेत शिकवलं मी, पण त्या पडद्यापुढे मी पहिलीतली झाले. दोनदा सगळं पुसलं गेलं आणि मागची माणसं चुळबुळ करायला लागली. मदतीला कुणी आलं नाही. शेवटी एकदाचा नंबर मिळाला. बटाटे गार, आणि चिकन सांगितलं होतं तर माझ्या ट्रेमध्ये पनीर. पिण्याचं पाणी मागितलं तर बाटली विकत घ्या, असं त्या मुलीने मोबाईलवरची नजर न काढता सांगितलं. तिच्या शर्टावर नाव होतं, क्षितिजा. माझा पारा तिथेच चढला होता, हे लक्षात ठेव.

पप्पांचा ट्रे बरोबर होता. मी म्हटलं, तुम्ही सुरुवात करा, मी माझं बदलून आणते. त्यांनी क्रूसाची खूण केली, डोळे मिटले आणि जेवणाआधीची प्रार्थना चालू केली, अगदी घरी म्हणतात तशी, तुझ्या आजीच्या नावासकट. तुला आठवतं ना, लहानपणी जेवणानंतरची प्रार्थना बुडवून तू वाडीत पळायचास आणि पप्पा तुला भरल्या तोंडाने परत आणून बसवायचे? मागायला येतं तर आभार मानायलाही यायला हवं, असं म्हणायचे. या दोन प्रार्थनांच्या मध्ये जे होतं ते जेवण, असं आपल्या घरात लहानपणापासून ठरलेलं. मी काउंटरवर किती वेळ उभी होते कोण जाणे. एक जण दुसऱ्याकडे पाठवी, दुसरा पुन्हा पहिल्याकडे.

बर्गर घेऊन परत आले तर टेबल लखलखीत पुसलेलं. पप्पांचा ट्रे नाही. ते हात जोडून, डोळे मिटून बसलेले, आणि ओठांवर तीच जेवणाआधीची प्रार्थना. ती संपल्यावर म्हणाले, अजून माझं आलं नाही, आलं होतं ते नेलं वाटतं. डेरिक, माझं डोकंच फिरलं. प्रार्थना करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा घास काढून नेला, असंच मला वाटलं. मी तरातरा काउंटरवर गेले आणि त्या मुलीला भर दुकानात नको नको ते बोलले. ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघत म्हणाली, "आजी, अंकलनी खाल्लं ना सगळं. मी ट्रे उचलला तेव्हा मला थँक यू पण बोलले." मी तिला खोटारडी म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी मी थांबले नाही. मग माझ्यातला अर्धा बर्गर पप्पांना दिला. त्यांनी दोन घास घेतले आणि पोट भरलं म्हणून ठेवून दिला. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, अपमान झाला म्हणून घास उतरत नाही.

त्या संध्याकाळी पप्पांनी तुला सगळं सांगितलं आणि तू तिथे बसून कंपनीला तक्रार पाठवलीस. चार दिवसांनी त्यांच्या मोठ्या ऑफिसातून माफी मागणारा फोन आला. चौकशी होईपर्यंत त्या मुलीची ड्युटी बंद केली आहे, असं सांगितलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. पप्पांनी तर शेजारी रोनाल्डला कुंपणावरून हाक मारून सांगितलं, माझ्या पोराने तिकडून सगळ्यांना सरळ केलं.

मग मागचा रविवार आला. मी सुरमईचं कालवण केलं होतं. पप्पा पोटभर जेवले, मागून भात घेतला, आभाराची प्रार्थना म्हटली. मी ताटं उचलून मोरीत नेली, टेबल पुसलं आणि भांडी घासायला बसले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज कानावर आला म्हणून बाहेर डोकावले. ते रिकाम्या टेबलाशी हात जोडून बसले होते. डोळे मिटलेले. आम्ही जे अन्न आता घेणार आहोत त्याला आशीर्वाद दे, म्हणत होते. सगळी प्रार्थना, आजीच्या नावासकट. शेवटी क्रूसाची खूण करून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि इतक्या मायेने विचारलं, "उर्सुला, वाढतेस ना?" राखेचे हात तसेच धरून मी दारात उभी राहिले. माझ्या डोळ्यांसमोर ते बोळिंजचं पुसलेलं टेबल आलं, आणि त्या मुलीचा चेहरा. मी हात धुतले. थोडा भात वाढला. त्यांनी दोन घास खाल्ले, आभाराची प्रार्थना म्हटली आणि पलंगावर जाऊन पडले. मी मोरीत नळ सोडून रडले, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्यानंतर या आठवड्यात आणखी एकदा तसंच झालं. एरवी अगदी पहिल्यासारखे आहेत, केळीच्या घडांना टेकू देतात, रेडिओ लावतात, माझी चेष्टा करतात. त्यांना स्वतःला यातलं काहीच कळलेलं नाही, आणि कळेल त्या दिवसाची मला फार भीती वाटते.

मंगळवारी बाजाराचं निमित्त करून मी त्या दुकानात गेले. ती मुलगी नव्हती. चंदनसारला राहते, बाप नाही, आईला घेऊन भाड्याच्या खोलीत असते, एवढं तिथल्या एकीने सांगितलं. मी मॅनेजरला म्हटलं, चूक आमची आहे, तिला परत बोलवा. त्यानेही कॉम्प्युटरवरून मान वर न करता सांगितलं की तक्रार तुमच्या मुलाच्या नावावर आहे, ज्याने केली त्यानेच बदलली पाहिजे. म्हणून हे पत्र. गार बटाटे, चुकीचा बर्गर, पाणी, तो पडदा, कुणी माणसाकडे माणूस म्हणून न बघणं, ते सगळं खरं आहे. ते मी माफ केलेलं नाही, तूही तसंच राहू दे. पण जेवण्याआधीच ट्रे उचलला आणि वर खोटं बोलली, हे एक वाक्य आजच्या आज मागे घे. ती खरं बोलत होती. पप्पांनी तिला थँक यू म्हटलंच असणार, ते कुणाला म्हणत नाहीत? ती कामावर परत आली की मी स्वतः जाऊन तिची माफी मागेन. वसईतल्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, माझे गुडघे दाखवायला जायचंय असं पप्पांना सांगितलंय. फोनवर त्यांना काही विचारू नकोस. जमेल तेवढ्या लवकर सुट्टी काढून ये, डेरिक, मला एकटीला हे झेपत नाहीये. आलास की एखाद्या दिवशी जेवण उरकल्यावर ते पुन्हा हात जोडून बसतील. तेव्हा त्यांना आठवण करून देऊ नकोस, उठूनही जाऊ नकोस. तूही डोळे मिट, शेवटी आमेन म्हण. मी वाढून आणते.

वाट बघणारी
तुझीच आई