करवंदाच्या बाटल्या

वाकड, पुणे
रविवार, ६ मे २००७

प्रिय तेजस,

मागच्या पत्रात मी तुला चुकीचं कळवलं. आपल्या घरच्या बीअरची बाथरूममधली एक बाटली कठड्यावरून घरंगळून फुटली, असं लिहिलं होतं. ऑफिसातून आले तेव्हा फरशीवर काचा आणि जांभळट फेस दिसला, म्हणून मी तसं धरून चालले. ती पडली नव्हती. आपोआप फुटली होती. हे शुक्रवारी कळलं, कारण दुसरी बाटली शालूच्या डोळ्यांदेखत फुटली. कपडे भिजवायला ती आत गेली होती. काच पोटरीत घुसली, टाके घालावे लागले. अशी रूममेट मिळणं कठीण आहे. डॉक्टरांना तिने सोड्याची बाटली फुटल्याचं सांगितलं आणि परत येताना रिक्षात मला म्हणाली, तुझ्या तेजसला सांग, पुढच्या वेळी लोणचं घाल म्हणावं, ते निदान बरणीत बसून राहतं.

कारण मी शोधलं, आणि त्यात माझा हात आहे. तू चेन्नईच्या प्रोजेक्टवर जाताना सांगितलंस तसंच मी केलं. पाण्याच्या जारला ओलं पोतं गुंडाळलं, शेवटी फळ घातलं, नळीतून बुडबुडे यायचे थांबल्यावर बाटल्या भरल्या, प्रत्येकीत थोडी साखर टाकून झाकणं ठोकली. पण खडकवासल्याला आपण त्या बाईकडून घेतलेली करवंदं फार आंबट निघाली. आंबट फळ आमच्याकडे तसंच कशात घालत नाहीत, आधी साखरेत मुरवतात. मीही मुरांब्यासारखी ती साखरेत मुरवली आणि सुटलेल्या पाकासकट जारमध्ये ओतली. पोत्याच्या गारव्याने बुडबुडे थांबले असणार, साखर संपली नव्हती. आता मेच्या उकाड्यात बाटल्या तापल्यात आणि ती साखर आत आंबून वायू करते आहे. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढणारी मी, मला हे सुचू नये.

एप्रिलअखेरीस तू आलास तेव्हा आपण पहिली बाटली उघडली, ती किती शहाण्यासारखी वागली होती. रंग गुलाबी, वर फेस, आणि शेवटी जिभेवर करवंदाच्या सालीचा तुरटपणा. मी अर्धा ग्लास प्यायले. तू म्हणालास, दारूबंदीच्या जिल्ह्यातली पोरगी आणि मिशीला फेस. मी हसले, पण घोट गिळताना मागे कुणी उभं आहे का, ते पाहिलं. मला ती आवडली, तेजस. हे तुला तेव्हा बोलले नाही. नुसती चव घेऊन ठेवून दिली असती तर आज मला सोपं गेलं असतं.

माझे बाबा कशाने गेले ते तुला माहीत आहे. काय प्यायचे, ते तू कधी विचारलं नाहीस. नाल्यात पुरलेल्या डब्यांत सडवलेली मोहफुलं आणि गूळ, आणि कडक लागावी म्हणून आणखी काय काय. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी होती, दारू मात्र नव्हती असा दिवस मला आठवत नाही. बाबांनंतर आई गावातल्या बायकांबरोबर ते डबे फोडायला जाऊ लागली. घरात लिहिता-वाचता येणारी मी पहिली, म्हणून पोलिसांना द्यायचे अर्ज माझ्याकडे आले. मी सातवीत होते. डबा फुटला की येणारा तो आंबूस वास आणि आपल्या जारचा वास अगदी एक नाही. पण पहिल्या क्षणी एकच वाटतो. पहिल्यांदा मी जारचं तोंड उघडलं आणि तसंच परत बंद केलं.

त्या बायकांची एक रीत आहे. सोयरीक ठरवताना मुलाला काही विचारत नाहीत. तो खोटंच बोलणार, असं धरूनच चालतात. मुलीला मधे बसवून विचारतात, खरं सांग बाई, पोरगा घेते का? ती जे सांगेल ते सगळ्या मानतात. पुन्हा चौकशी नाही. माझी मावसबहीण सत्यशीला 'नाही' म्हणाली होती. तो घेतो हे तिला माहीत होतं, पण तिला तो मुलगा हवा होता. आता तीही त्या बायकांच्या बैठकीला येते, भिंतीला टेकून बसते. तिला कुणी एका शब्दाने दोष देत नाही. तेच मला बघवत नाही.

आई येते आहे. तुला बघायला नव्हे, मला विचारायला. फोनवर तू म्हणालास, नाही म्हणून टाक, आपलं घेणं आणि त्यांचं घेणं यात फरक आहे, बीअर म्हणजे बार्लीचं सरबत. फरक आहे, मलाही पटतं. मी तो आईला समजावून सांगेन. पण समजावणं 'हो' म्हटल्यानंतरचं आहे. तुझ्या नारायण पेठेतल्या घरी मला कुणी असं मधे बसवलं नाही. चहा दिला, पगार विचारला, झालं. त्यामुळे तुला हे जड वाटत नसेल, असं मी स्वतःला समजावते.

बाटल्या उद्या रिकाम्या करणार आहे. शालूला पुन्हा इजा व्हायला नको. बर्फात गार करून, जाड टॉवेल गुंडाळून, डोक्यावर हेल्मेट चढवून एकेक उघडेन. हेल्मेट घालणारी मी पुण्यात बहुधा एकटीच असेन. संध्याकाळपर्यंत घरात काही उरणार नाही, वासही जाईल. तुला वाटेल, प्रश्नच मिटला. तसं वाटू नये म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. फोनवर तू हसवतोस आणि मी ठरवलेलं विसरते. बाटल्या नसल्या तरी मी आईला सांगणार आहे की तू घेतोस, आपण ती घरी केली आणि मीही प्यायले. यानंतर ती तुला हो म्हणेल की नाही, मला खरंच माहीत नाही. नाही म्हणाली तर मी काय करेन, तेही ठरलेलं नाही. तू आलास आणि माझ्या शेजारी बसलास तर मला बळ येईल. नाही आलास तरी मी थांबणार नाही. तिची गाडी सकाळी येते, तिचा चहा झाला की मी बोलेन. शनिवारी, १२ मेला.

तुझीच,
नम्रता